पहिली बंदूक कुठली घ्यावी?

नेमबाजीच्या रेंजवर नवा माणूस आला की त्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "सर, बंदूक कुठली घेऊ?" दुसरा जरा दबक्या आवाजात येतो, "लायसन्स लागतं का हो?" तिसरा प्रश्न सोबत आलेले वडील किंवा बायको विचारतात, आणि तो किमतीचा असतो. तिन्ही प्रश्न रास्त आहेत, फक्त त्यांचा क्रम उलटा लावला तर उत्तरं सोपी होतात. कायदा काय म्हणतो ते आधी पाहायचं, मग आपल्याला नेमकं काय खेळायचंय ते ठरवायचं आणि बंदूक सगळ्यात शेवटी निवडायची.

१ ऑगस्ट २०२४ रोजी स्वप्नील कुसळेने पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये कांस्यपदक मिळवलं आणि राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचं नाव घरोघरी पोचलं. टीव्हीवर ती रायफल पाहून अनेकांचे हात शिवशिवले असतील. पण स्वप्नीलच्या हातात होती ती पॉइंट टू-टूची, म्हणजे दारूच्या काडतुसावर चालणारी रायफल. ती परवान्याशिवाय घरात ठेवता येत नाही आणि नवख्याने सुरुवात करायची ती तिथून नव्हेच. रविवारची सकाळ मजेत घालवणारी पहिली बंदूक हवेवर चालते, दहा मीटरवर मारा करते आणि तिचा छर्रा मिऱ्याच्या दाण्याएवढा असतो. या प्रकरणात मुख्यतः तिचाच विचार केला आहे.

१. लायसन्स लागतं का?

एअर गन घ्यायला भारतात दर वेळी परवाना लागतो असं नाही, पण कधीच लागत नाही असंही नाही. १९५९चा शस्त्र कायदा आणि त्याखालचे २०१६चे शस्त्र नियम यांनी हवेच्या बंदुकीसाठी दोन रेषा आखल्या आहेत. नळीचा व्यास ४.५ मिलिमीटरपर्यंत आणि छर्रा नळीतून सुटतानाची ऊर्जा २० ज्यूलपर्यंत असेल, तर परवाना लागत नाही. यांतली एक जरी रेषा ओलांडली, तरी परवान्याशिवाय ती बंदूक जवळ ठेवणं हा गुन्हा ठरतो.

इथे एक गोंधळ हमखास होतो. ४.५ मिलिमीटर म्हणजे इंचाच्या मापात पॉइंट वन-सेव्हन-सेव्हन. बाजारात पॉइंट टू-टूच्याही एअर गन असतात. त्या हवेवरच चालतात, पण नळी मोठी असल्यामुळे परवान्याच्या कक्षेत येतात. "हवेचीच तर आहे, काय होतंय" असं म्हणून कुणी ती गळ्यात मारू पाहत असेल, तर त्या दुकानाची पायरी उतरलेली बरी.

परवाना नको याचा अर्थ कागद नकोत असा नाही. अधिकृत दुकानदार ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा घेतो, विक्रीची नोंद ठेवतो. पावती जपून ठेवावी. बंदूक रेंजवर नेताना ती बंद केसमध्ये आणि रिकामी असावी. खांद्यावर उघडी टाकून लोकलमध्ये चढणाऱ्याला पोलिसांना बरंच काही समजावून सांगावं लागेल आणि त्यात पोलिसांची काही चूक नसेल. चिमण्या, कबुतरं, माकडं यांच्यावर नेम धरायचा विचार ज्याच्या मनात असेल त्याने या नादाला लागूच नये. १९७२चा वन्यजीव संरक्षण कायदा हवेच्या बंदुकीला सूट देत नाही.

२. खोक्यावरचा मोठा आकडा

दुकानात गेलं की खोक्यावर सगळ्यात ठळक छापलेला असतो तो वेग. अमुक इतके फूट प्रति सेकंद! नवखा माणूस तिथेच फसतो, कारण मोटरसायकल घेताना सीसी विचारायची सवय लागलेली असते. लक्ष्यवेधाच्या खेळात हा आकडा जवळपास निरुपयोगी आहे. का, ते हिशेबानेच पाहू.

ऑलिंपिकच्या एअर रायफलमधून सुटणारा शिशाचा छर्रा साधारण ०.५३ ग्रॅमचा असतो आणि त्याचा वेग सेकंदाला १७५ मीटरच्या आसपास. त्याची ऊर्जा काढली तर येते ८ ज्यूल. म्हणजे जगज्जेत्यांच्या हातातली बंदूक आपल्या कायद्याच्या मर्यादेच्या निम्मीही ताकद वापरत नाही. हा छर्रा दहा मीटर अंतर सेकंदाच्या सहा शतांशांत कापतो. आता तोच छर्रा कायद्याने मोकळीक दिलेल्या पुऱ्या २० ज्यूलनी मारला, तर वेग होतो सेकंदाला २७५ मीटर आणि दहा मीटरला लागतात जेमतेम चार शतांश. ताकद अडीचपट वाढवून वाचले काय, तर सेकंदाचे दोन शतांश! बदल्यात हाताला बसणारा हिसका वाढला, आवाज वाढला आणि बंदुकीचा चाप ओढायच्या आधीच डोळे मिटायची सवय लागण्याचा धोका वाढला. ही सवय एकदा जडली की ती घालवायला महिने जातात.

वाटेत छर्रा खाली पडतो त्याचं काय, असंही कुणी विचारेल. पडतो खरा, पण दहा मीटरमध्ये फक्त दीड सेंटिमीटरच्या आसपास आणि प्रत्येक वेळी तेवढाच. नेम धरायची साइट एकदा जुळवली की तो हिशेब मिटला.

थोडक्यात, कागदाला भोक पाडायला ताकद लागत नाही, ते भोक पुन्हा पुन्हा त्याच जागी पडावं लागतं. रेंजवर याला ग्रुप म्हणतात. बंदूक चांगली की वाईट हे ठरवायचं तर तिच्यातून पाच-दहा छर्रे मारून ग्रुप किती लहान येतो ते पाहावं, खोकं नंतर वाचावं.

३. हवा कुठून येते?

हवेच्या बंदुका दिसायला सारख्या, पण पोटात वेगवेगळ्या असतात. किंमत, देखभाल आणि मजा या तिन्हींचा फरक तिथेच पडतो.

सगळ्यात जुनी आणि स्वस्त ती स्प्रिंगची. नळी मोडून खाली ओढली की आतली जाड स्प्रिंग दाबली जाते आणि चाप ओढला की ती सुटून दट्ट्याला पुढे ढकलते. सायकलच्या पंपाच्या तोंडावर बोट दाबून दांडा जोरात मारल्यावर बोटाला जो फटका बसतो, तोच इथे छऱ्याला बसतो. जत्रेत फुगे फोडायला मिळते ती हीच बंदूक. इंडियन ह्यूम पाइप या वालचंद हिराचंदांच्या कंपनीनेही एके काळी एअर रायफली बनवल्या आणि कित्येक घरांच्या माळ्यावर त्या अजून सापडतात. आजही भारतीय बनावटीच्या स्प्रिंगच्या रायफली काही हजारांत मिळतात आणि हौसेपुरत्या सुरुवातीला त्या वाईट नाहीत.

त्यांची अडचण दुसरीच आहे. स्प्रिंग आणि दट्ट्या पुढे धावतात तेव्हा छर्रा अजून नळीतच असतो, आणि तेवढ्यात सगळी बंदूक आधी मागे, मग पुढे अशी हलते. त्यामुळे ती कशी धरली, कुठे टेकवली, किती घट्ट आवळली यावर छर्रा कुठे जाणार हे ठरतं. जर्मनीच्या फाइनवेर्कबाऊ कंपनीने १९६०च्या दशकात यावर मोठा देखणा उपाय काढला. नळी आणि स्प्रिंगची सगळी यंत्रणा त्यांनी रुळांवर बसवली. चाप ओढला की यंत्रणा मागे घसरायची आणि खांद्यावरच्या लाकडाला पत्ताच लागायचा नाही. त्या काळातली फाइनवेर्कबाऊ सुस्थितीत मिळाली तर आजही जपावी अशी चीज आहे.

दुसरा प्रकार कार्बन डायऑक्साइडच्या सिलिंडरचा. बारा ग्रॅमची छोटी कुपी घातली की बरेच छर्रे मारता येतात, ओढाताण नाही, हिसका नाही. पण या वायूचा दाब तापमानावर नाचतो. २० अंशांना तो ५७ बारच्या आसपास असतो. ऊन चढलं की वर जातो, थंडीत खाली येतो. नागपूरच्या मे महिन्यात जुळवलेली साइट डिसेंबरच्या सकाळी तशीच उपयोगी पडेल याची खात्री नाही. शिवाय कुप्यांचा खर्च सुरूच राहतो. टिनचे डबे पाडायला हा प्रकार झकास आहे, गुण मोजायला मात्र तो घेऊ नये.

तिसरा प्रकार आधीच भरून ठेवलेल्या दाबाच्या हवेचा. रेंजवर त्याला पीसीपी म्हणतात. नळीखालच्या सिलिंडरमध्ये २०० बार दाबाने हवा भरलेली असते. चाप ओढला की तिच्यातला मोजून तेवढाच घास छऱ्यामागे सुटतो. हलणारा जड भाग जवळजवळ नाहीच, म्हणून बंदूक हातात मेल्यासारखी स्थिर राहते. आज ऑलिंपिकमध्ये दिसणाऱ्या वाल्थर, स्टायर, मोरिनी, पार्दिनी, आनशुट्झ या सगळ्या याच जातीच्या. पिस्तुलाचं सिलिंडर एकदा भरलं की दीड-दोनशे छर्रे निघतात. ते भरायला रेंजवर मोठी टाकी असते. घरी हातपंपाने भरायचं तर व्यायामशाळेची फी वाचेल एवढी मेहनत होते. किमती लाखाच्या घरात आणि वर जातात.

यांच्या मधला एक गुणी प्रकार लोक विसरतात. त्यात बाजूचा दांडा एकदाच ओढून प्रत्येक छऱ्यापुरती हवा दाबायची. सिलिंडर नाही, टाकी नाही, हिसकाही नाही. प्रत्येक वेळी दांडा ओढावा लागतो म्हणून घाई होत नाही आणि नवशिक्याला तेच हवं असतं. जुन्या बाजारात अशी रायफल किंवा पिस्तूल दिसलं तर नाक मुरडू नये.

४. रायफल की पिस्तूल?

इथे आवडीचा प्रश्न येतो. पण आवड ठरवण्याआधी कागद पाहावा. दहा मीटर एअर रायफलच्या लक्ष्यावर दहा गुणांचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो. पिस्तुलाच्या लक्ष्यावर दहाचं वर्तुळ साडेअकरा मिलिमीटरचं. म्हणजे रायफलचा दहा पिस्तुलाच्या दहापेक्षा व्यासाने तेवीसपट लहान. तरीही वरच्या पातळीवर रायफलवाले साठ छऱ्यांत जवळपास सगळे दहा मारतात आणि पिस्तूलवाल्यांचे अधूनमधून नऊ-आठ जातात. याचं कारण पकडीत आहे.

रायफल दोन्ही हात, खांदा आणि गाल अशी अंगाला टेकते. जाड कॅनव्हासचं जॅकेट आणि पँट कंबरेला आणि पाठीला आधार देतात. डोळ्यासमोर बारीक छिद्राची डायोप्टर साइट असते. पिस्तूल मात्र एका हातात, तोही पूर्ण लांब केलेला आणि कशालाही न टेकवलेला. दुसरा हात खिशात.

पॅरिसमध्ये तुर्कीच्या युसुफ दिकेचचा असाच खिशात हात घातलेला फोटो जगभर फिरला. साधा टी-शर्ट, साधा चष्मा! घरातून उठून आलेल्या काकांनी रौप्यपदक नेलं, अशी थट्टा झाली. वस्तुस्थिती वेगळी होती. ते त्यांचं पाचवं ऑलिंपिक होतं आणि हातात स्पर्धेसाठीच घडवलेलं अचूक एअर पिस्तूल. खिशात हात घालणं ही ऐट नव्हे. मोकळा हात लोंबकळला की खांदा हलतो, म्हणून बहुतेक पिस्तूलवाले तो कुठेतरी अडकवतातच.

पिस्तुलात नेमकं काय अवघड असतं ते एका उदाहरणाने कळेल. नवख्याला वाटतं की हात थरथरतो म्हणून छर्रा चुकतो. समजा, हात थरथरून अख्खं पिस्तूल सरळच्या सरळ ५ मिलिमीटर डावीकडे सरकलं. छर्राही लक्ष्यावर ५ मिलिमीटर डावीकडे लागेल. दहाच्या वर्तुळाची त्रिज्या पावणेसहा मिलिमीटर, म्हणजे गुण अजून दहाच! आता हात अगदी स्थिर आहे, पण चाप ओढताना बोटाने हलकासा हिसका दिला आणि पुढची साइट मागच्या साइटच्या खाचेत फक्त १ मिलिमीटर डावीकडे गेली. दोन साइटमधलं अंतर ३३ सेंटिमीटर धरू. लक्ष्य दहा मीटरवर आहे, म्हणजे चूक तीसपट होते. छर्रा ३० मिलिमीटर बाजूला लागतो आणि गुण पडतात सात.

थरथर माफ, हिसका माफ नाही, एवढं यातून दिसतं. म्हणूनच पिस्तूल शिकवणारा कोच पहिले कित्येक दिवस लक्ष्याकडे बघूच देत नाही. कोऱ्या पांढऱ्या कागदावर मारायला लावतो आणि एकच गोष्ट सांगत राहतो, पुढच्या साइटवरची नजर हलवू नको.

मग मजेसाठी काय घ्यावं? रायफल पहिल्याच दिवशी खूश करते. टेबलावर टेकवून मारली तरी छर्रे जवळजवळ पडतात आणि माणसाला आपण काहीतरी आहोत असं वाटतं. पिस्तूल पहिल्या महिन्यात रडवतं. उलट खर्चाचं म्हणाल तर रायफलीला जॅकेट, पँट, बूट, हातमोजा असा लवाजमा लागतो. कोकणातल्या दमट दुपारी ते कॅनव्हास अंगावर चढवणं हाच एक व्यायाम. पिस्तुलाला एवढं काहीच लागत नाही. घरात शाळकरी मुलं आणि मोठी माणसं मिळून खेळणार असतील तर रायफल, एकट्याने जाऊन चिकाटीने मागे लागायचं असेल तर पिस्तूल, असा ढोबळ कौल देता येईल.

५. माप, चाप आणि साइट

चप्पल घेताना माणूस चार पावलं चालून बघतो, पण बंदूक फोटो पाहून मागवतो. हे उफराटंच झालं.

पिस्तुलाच्या मुठी अक्रोडाच्या लाकडाच्या असतात आणि लहान, मध्यम, मोठी अशा मापांत येतात. डाव्या आणि उजव्या हाताच्या वेगळ्या. मूठ हातात बसली की नाही हे पाहायची रीत सोपी आहे. डोळे मिटायचे, हात लक्ष्याकडे उचलायचा आणि डोळे उघडायचे. पुढची साइट मागच्या खाचेत आपसूक मधोमध आली असेल तर मूठ योग्य. दर वेळी एकाच बाजूला जात असेल तर मनगट वाकवून ती सरळ करू नये, मूठ बदलावी. कुठल्याही जुन्या पिस्तूलवाल्याची मूठ हातात घेऊन पाहावी. अंगठ्याखालचं लाकूड कानशीने घासलेलं असतं, तळहाताच्या खोबणीत लाकडाची लांबी भरून पुन्हा घासलेलं असतं आणि घामाने काळं पडलेलं असतं. दुसऱ्याच्या हातात ती मूठ टोचते. तिच्या मालकाला मात्र हातात पिस्तूल आहे हे जाणवतही नाही.

रायफलीत मागच्या दस्त्याची लांबी आणि गाल टेकवायच्या भागाची उंची कमीजास्त करता येते की नाही ते पाहावं. वाढत्या वयाच्या मुलासाठी घ्यायची असेल तर याला पर्याय नाही. वजनही पाहावं. स्पर्धेत रायफलीला साडेपाच किलोपर्यंत मुभा आहे, पण बारा वर्षांच्या मुलाने तेवढं वजन तासभर पेलायचं म्हणजे पाठीची वाट लागते.

कुठला डोळा जोरकस आहे हेही आधीच तपासावं. दोन्ही तळहात जुळवून मधे छोटं भोक ठेवायचं, हात लांब करून त्यातून समोरचं घड्याळ पाहायचं आणि एकेक डोळा मिटायचा. ज्या डोळ्याने घड्याळ जागेवर दिसतं, तो जोरकस. उजव्या हाताच्या माणसाचा डावा डोळा जोरकस असणं मुळीच दुर्मीळ नाही. दुकानदार हे विचारत नाही, चांगला कोच आधी हेच विचारतो.

मग चाप. स्पर्धेच्या एअर पिस्तुलाचा चाप किमान ५०० ग्रॅम वजन पेलणारा हवा. स्पर्धेआधी चापाला अर्ध्या किलोचं वजन लटकवून पिस्तूल उचलतात आणि चाप सुटला तर पिस्तूल बाद. रायफलीला असं किमान वजन ठरवलेलं नाही, म्हणून तिथे चाप श्वासाने सुटेल इतका हलका ठेवतात. नवख्याने एवढं पाहावं की चाप आधी थोडा मोकळा सरकतो, मग एका ठिकाणी अडतो आणि तिथून न घसटता सुटतो. स्वस्त बंदुकीत तो लांबवर खरखरत जातो आणि कधी सुटणार याचा पत्ता लागत नाही. वर पाहिलेला तो एक मिलिमीटरचा हिसका इथूनच येतो. पैसे कमी असतील तर लाकडाच्या नक्षीवर, दुर्बिणीवर, ब्रँडवर काटछाट करावी, चापावर करू नये.

साइट क्लिक-क्लिक करत सरकणारी हवी आणि सरकवल्यावर जागेवर राहणारी हवी. २००८ साली बीजिंगमध्ये अंतिम फेरीआधीच्या सरावात अभिनव बिंद्राचा छर्रा चार गुणांच्या आसपास भरकटला होता. त्याने घाईघाईत साइट पुन्हा जुळवली आणि शेवटचा छर्रा १०.८ वर मारून सुवर्ण घेतलं. क्लिक नेमके नसते तर त्या मिनिटाभरात हे जमलं नसतं.

६. छऱ्यांचा हिशेब

बंदूक एकदाच घ्यायची असते, छर्रे कायम. लक्ष्यासाठी सपाट तोंडाचे छर्रे वापरतात, कारण ते कागदात गोल, स्वच्छ भोक पाडतात. टोकदार छर्रे कागद फाडतात आणि गुण मोजताना भांडणं होतात. आठवड्यातून तीन दिवस, दर वेळी शंभर छर्रे धरले तर महिन्याला बाराशेच्या वर जातात. पाचशेची डबी धरली तर अडीच डब्या. वर्षाच्या तीस डब्यांची किंमत दुकानात विचारूनच बंदुकीचं बजेट ठरवावं. महागडी बंदूक घेऊन छर्रे मोजून मारणाऱ्यापेक्षा साधी बंदूक घेऊन मनसोक्त मारणारा लवकर शिकतो.

एक नाजूक गोष्ट अशी की प्रत्येक नळीची छऱ्याची आवड वेगळी असते. दोन-तीन कंपन्यांच्या डब्या घ्याव्यात, बंदूक टेबलावर टेकवून प्रत्येकीतले दहा-दहा मारावेत आणि ज्याचा ग्रुप लहान तो छर्रा धरून ठेवावा.

छर्रे शिशाचे असतात. रेंजवरून उठल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय वडापावला हात लावू नये.

७. जागा कुठली?

दहा मीटर म्हणजे तेहतीस फूट, आणि शहरातल्या फ्लॅटमध्ये एवढी सरळ लांबी क्वचितच मिळते. मिळाली तरी मधे कुठल्या खोलीचा दरवाजा उघडतो का हे आधी पाहावं. लक्ष्यामागे छर्रा अडवणारी तिरकी पोलादी पेटी आणि तिच्यामागे भक्कम भिंत हवीच. भिंतीवर सरळ मारलेला छर्रा उलटून येऊ शकतो. रेंजवर रिकाम्या बंदुकीच्या नळीत भडक रंगाची दोरी घालून ठेवतात, म्हणजे बंदूक भरलेली नाही हे लांबूनही दिसतं. घरीही हाच शिरस्ता पाळावा.

क्लबचं सभासदत्व घेणं मात्र सगळ्यात शहाणपणाचं. पुण्यात बालेवाडीचं क्रीडा संकुल आहे, मुंबईत वरळीला महाराष्ट्र रायफल असोसिएशन आहे, कोल्हापुरात तर तेजस्विनी सावंत आणि राही सरनोबत यांच्यामुळे नेमबाजीची परंपराच तयार झाली. क्लबची बंदूक काही महिने वापरली की आपल्याला काय हवंय ते आपोआप कळतं. अंजली भागवत यांच्या हाती बंदूक आली ती कीर्ती कॉलेजमध्ये, एनसीसीतून. सिडनीच्या ऑलिंपिक अंतिम फेरीपर्यंतचा प्रवास तिथून सुरू झाला, स्वतःच्या बंदुकीपासून नव्हे.

८. पुढची पायरी

वर्ष-दोन वर्षं एअरवर हात बसला की अनेकांना पॉइंट टू-टू खुणावते. आवाज, दारूचा वास, ५० मीटरचं अंतर, मोकळ्या रेंजवर वारा वाचायचं कसब, ही मजा वेगळी आहे हे मान्यच करावं लागेल. तिथे मात्र परवाना, पोलीस पडताळणी, काडतुसांचा कोटा आणि घरात कुलूपबंद तिजोरी हे सगळं येतं. शस्त्र कायद्याच्या २०१९च्या दुरुस्तीनंतर सामान्य माणसाला परवान्यावर दोनच बंदुका ठेवता येतात, नेमबाजांसाठी स्वतंत्र सवलती आहेत. त्या मिळवायचा रस्ता राज्य संघटना आणि स्पर्धांमधले गुण यांतून जातो. यातली महत्त्वाची पायरी म्हणजे जी. व्ही. मावळंकर स्पर्धा. लोकसभेचे पहिले अध्यक्ष दादासाहेब मावळंकर यांच्या पुढाकाराने १९५१ साली राष्ट्रीय रायफल संघटना उभी राहिली, त्यांचं हे स्मरण.

९. जुनी घ्यावी का?

घ्यावी, डोळे उघडे ठेवून. नेमबाज सतत वरच्या बंदुकीकडे सरकत असतात, म्हणून क्लबमध्ये चांगल्या जुन्या एअर रायफली आणि पिस्तुलं फिरत असतात. पीसीपी असेल तर सिलिंडरवर छापलेली तारीख आधी वाचावी. बहुतेक कंपन्या त्याला दहा वर्षांची मुदत देतात आणि नवीन सिलिंडरची किंमत व्यवहारातून वजा करायलाच हवी. सिलिंडर भरून रात्रभर ठेवायला सांगावं, सकाळी दाबाचा काटा उतरला असेल तर सील गळतंय. स्प्रिंगची बंदूक असेल तर मालकाला विचारावं, छर्रा न घालता चाप ओढायची सवय होती का? असेल, तर दट्ट्या दर वेळी टोकावर आदळून सील खराब झालेलं असण्याची शक्यता मोठी. कोकणातली बंदूक असेल तर नळीच्या तोंडाशी आणि स्क्रूंच्या खाचांत गंज पाहावा.

शेवटचा प्रश्न दुरुस्ती कोण करणार हा. टोकियो ऑलिंपिकमध्ये मनू भाकरचं एअर पिस्तूल ऐन पात्रता फेरीत बिघडलं, दुरुस्तीत वेळ गेला आणि ५७५ गुणांवर ती बाराव्या स्थानी राहिली. तीन वर्षांनी पॅरिसमध्ये तिने त्याच प्रकारात कांस्य मिळवलं. तिच्यामागे देशाचा तांत्रिक ताफा होता, तरी वेळ गेलाच. रविवारी रेंजवर जाणाऱ्याच्या मागे फार तर एक मेकॅनिक असतो. म्हणून सील, स्प्रिंग आणि चापाचे सुटे भाग आपल्या शहरात किंवा निदान कुरिअरने मिळतात ना, हे विचारूनच पैसे मोजावेत. क्लबमधल्या चार-पाच जणांकडे जी बंदूक आधीच असते, तिचे भागही मिळतात आणि ती उघडता येणारा माणूसही शेजारच्याच लेनवर सापडतो.